नवा राउटर आला आणि जुन्या लॅपटॉपचं वायफाय बंद पडलं: बिघाड नेमका कुठे आहे ते कसं शोधायचं

घरात फायबरचं कनेक्शन येतं, कंपनीचा माणूस भिंतीवर नवा राउटर ठोकून जातो, सगळ्यांचे मोबाइल दोन मिनिटांत जोडले जातात. २०१० किंवा २०१२ सालचा लॅपटॉप मात्र अडून बसतो. कधी नेटवर्कचं नावच दिसत नाही, कधी बरोबर पासवर्ड टाकूनही आत घेत नाही, आणि जोडलं गेलंच तर दर दहा मिनिटांनी तुटतं. दुकानात नेला की ‘वायफाय कार्ड गेलंय’ असं ऐकायला मिळतं, ओळखीतलं कोणी तरी फॉरमॅट मारायला सांगतं. दोन्ही करण्याआधी थांबा. कालपर्यंत चालणारं कार्ड नेमकं राउटर बदलल्याच्या दिवशीच जळावं, हा योगायोग फार क्वचित घडतो. लॅपटॉप होता तसाच आहे. बदललाय तो राउटर. बहुतेक वेळा त्याच्यातल्या चार-पाच सेटिंग बदलल्या की काम होतं आणि खर्च काहीच येत नाही.

पुढचं सगळं विंडोज ७ ते विंडोज १० धरून लिहिलंय. एक्सपी आणि लिनक्सचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय.

पहिली परीक्षा: मोबाइलचा हॉटस्पॉट

दोष लॅपटॉपचा की राउटरचा, हे पाच मिनिटांत कळतं. अँड्रॉइड फोनवर हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये जा, बँड (म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा) २.४ गिगाहर्ट्झ निवडा आणि सुरक्षा डब्ल्यूपीए२ पर्सनल (पासवर्डने नेटवर्क कुलूपबंद करण्याची पद्धत) ठेवा. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर पर्सनल हॉटस्पॉटमध्ये ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ चालू करा, म्हणजे तो २.४ वर येतो. हॉटस्पॉटचं नाव साधं ठेवा, पासवर्ड आठ-दहा इंग्रजी अक्षरांचा. आता लॅपटॉपवरून जोडून पाहा.

जोडला गेला आणि पानं उघडली, तर कार्ड आणि विंडोज मुळात ठीक आहेत. लॅपटॉप उघडू नका, आधी राउटरकडे वळा. जोडला गेला नाही, तर लॅपटॉप तपासावा लागेल. ही एक चाचणी न केल्यामुळे लोक चांगली कार्डं काढून टाकतात.

कार्डला काय काय येतं ते विचारून घ्या

स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत ‘नेटश डब्ल्यूलॅन शो ड्रायव्हर्स’ टाइप करा. पहिल्या शब्दाचं स्पेलिंग एन-ई-टी-एस-एच, दुसऱ्याचं डब्ल्यू-एल-ए-एन, आणि दर शब्दानंतर एक जागा. जी लांबलचक यादी येते तिच्यातल्या तीनच ओळी आपल्या कामाच्या आहेत.

पहिली ‘रेडिओ टाइप्स सपोर्टेड’. ८०२.११ हे वायफायचं तांत्रिक नाव, पुढचं अक्षर त्याचा प्रकार सांगतं. इथे फक्त ८०२.११बी, जी आणि एन असेल तर कार्ड २.४ गिगाहर्ट्झपुरतंच आहे. यादीत ८०२.११ए किंवा ८०२.११एसी असेल तरच त्याला ५ गिगाहर्ट्झ दिसतं. नुसत्या ‘एन’वरून काही ठरत नाही, कारण एन दोन्ही बँडवर चालतं आणि स्वस्त लॅपटॉपमध्ये कंपन्यांनी एकाच बँडची एन कार्डं भरपूर बसवली होती. दुसरी ओळ ऑथेंटिकेशन आणि सायफरची: त्यात डब्ल्यूपीए२ पर्सनलच्या शेजारी सीसीएमपी दिसलं पाहिजे. राउटरच्या पानावर जिला एईएस म्हणतात, तीच ही पद्धत. तिसरी ओळ ८०२.११डब्ल्यूची, म्हणजे मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शनची. इथे ‘नो’ असेल तर तो ‘नो’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. विंडोज ७ मध्ये ही शेवटची ओळ येत नाही. तिथे उत्तर ‘नो’ आहे असंच धरून चाला.

या तीन ओळी कागदावर उतरवून घ्या.

नाव दिसतच नाही

हा सगळ्यात जास्त येणारा प्रकार आहे आणि त्याची चार वेगळी कारणं आहेत.

पहिलं कारण ५ गिगाहर्ट्झ. नवे राउटर दोन्ही बँडना एकच नाव देतात आणि कोणाला कुठे बसवायचं ते स्वतः ठरवतात. राउटरच्या पानावर याला बँड स्टीअरिंग किंवा स्मार्ट कनेक्ट म्हटलेलं असतं. नियमाने जुन्या लॅपटॉपला २.४ वरचं नाव दिसायला हवं. पण काही राउटर उपकरणांना ५ वर ढकलण्यासाठी २.४ वरून उशिरा उत्तर देतात किंवा पहिले काही प्रयत्न नाकारतात. मोबाइल समजून घेतो आणि बँड बदलतो. जुना ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, मात्र नकार मिळाला की गप्प बसतो. काही घरांत तर २.४ बंदच करून ठेवलेलं असतं, कारण स्पीड टेस्टचा आकडा ५ वर मोठा येतो.

दुसरं कारण चॅनेल, म्हणजे बँडमधल्या क्रमांक दिलेल्या छोट्या वाटा. काल दिसत होतं, आज सकाळी नाही, परवा पुन्हा दिसलं, असं होत असेल तर आधी हेच तपासा. भारतात २.४ गिगाहर्ट्झवर १ ते १३ चॅनेल वापरायला परवानगी आहे. अमेरिकेत १ ते ११ एवढेच वापरात आहेत. त्यामुळे तिकडून आणलेला, नातेवाइकांनी दिलेला किंवा तिथल्या बाजारासाठी बनलेला जुना लॅपटॉप १२ आणि १३ ऐकतच नाही. राउटर ‘ऑटो’वर असला की गर्दी टाळायला कधी तरी १२ किंवा १३ वर जातो आणि या लॅपटॉपपुरतं अख्खं नेटवर्क गायब होतं. कार्ड बाद झालंय असं वाटतं, पण ते फक्त दोन चॅनेलना बहिरं असतं. मोबाइलवर वायफाय ॲनालायझर प्रकारचं कुठलंही अ‍ॅप घातलं तर तुमचा राउटर कोणत्या चॅनेलवर आहे ते लगेच दिसतं.

तिसरं कारण वायफाय ६. राउटर ८०२.११एएक्स पद्धतीने आपली ओळख जाहीर करतो, तेव्हा त्या जाहिरातीत काही नवी माहिती असते. काही जुन्या ड्रायव्हरना ती वाचता येत नाही आणि ते नेटवर्क यादीतूनच वगळतात. इंटेलच्या ७२६०, ३१६०, ७२६५, ३१६५, ८२६० या घराण्यात हे ठळकपणे दिसलं आणि इंटेलने त्यासाठी सुधारित ड्रायव्हरही दिले. तुमचं कार्ड यातलं असेल तर हॉटस्पॉट किंवा लॅन केबलने नेट घेऊन इंटेलच्या साइटवरचा त्या कार्डासाठीचा शेवटचा ड्रायव्हर घाला. विंडोज अपडेटने दिलेल्यावर थांबू नका. ड्रायव्हर मिळतच नसेल तर राउटरवर २.४ चा मोड ‘बी/जी/एन’ करा. वायफाय ६ चा खरा लाभ ५ वर मिळतो, त्यामुळे घरातल्या मोबाइलचं यात फारसं नुकसान नाही.

चौथं कारण लपवलेलं नाव. सुरक्षेसाठी नाव लपवण्याचा सल्ला जुना आहे आणि निरुपयोगी आहे. नाव उघडं करा.

राउटरमध्ये नेमकं काय बदलायचं

राउटरला जोडलेल्या मोबाइलच्या किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. लॉगिन आणि पासवर्ड राउटरच्या बुडाशी चिकटवलेल्या स्टिकरवर असतो. काही बदलण्याआधी सध्याच्या पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. मग २.४ गिगाहर्ट्झच्या वायरलेस पानावर हे करा:

१. स्मार्ट कनेक्ट किंवा बँड स्टीअरिंग बंद.
२. २.४ ला वेगळं नाव. इंग्रजी अक्षरं आणि आकडेच वापरा. देवनागरी, इमोजी, अवतरणचिन्हं नकोत, जुने ड्रायव्हर त्यावर अडखळतात.
३. चॅनेल ऑटोवरून काढून १, ६ किंवा ११. शेजारपाजारचे राउटर अ‍ॅपवर पाहून तिघांतला सर्वांत मोकळा निवडा. अधलेमधले ३ किंवा ८ घेऊ नका. चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झवर आहेत आणि प्रत्येकाला जागा लागते २० मेगाहर्ट्झ, त्यामुळे मधला चॅनेल दोन्हीकडच्या शेजाऱ्यांशी भांडतो.
४. चॅनेल विड्थ २० मेगाहर्ट्झ. ‘२०/४०’ किंवा ४० नको.
५. सुरक्षा डब्ल्यूपीए२-पीएसके, एन्क्रिप्शन फक्त एईएस.
६. पीएमएफ किंवा ‘प्रोटेक्टेड मॅनेजमेंट फ्रेम्स’ असा पर्याय असेल तर ‘डिसेबल्ड’. निदान ‘रिक्वायर्ड’ तरी नको.

पाचव्या आणि सहाव्या मुद्द्यावर थोडं थांबायला हवं, कारण घोळ बहुतेक तिथेच होतो. डब्ल्यूपीए३ ही २०१८ ची पद्धत आहे. तिच्यात मॅनेजमेंट फ्रेम प्रोटेक्शन सक्तीचं असतं. मघाशी ज्या कार्डाने ८०२.११डब्ल्यूला ‘नो’ म्हटलं, ते शुद्ध डब्ल्यूपीए३ नेटवर्कला कधीच जोडलं जाणार नाही, पासवर्ड कितीही बरोबर असो. यावर तोडगा म्हणून राउटर ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र मोड देतात. कागदावर तो जुन्या उपकरणांना चालतो. प्रत्यक्षात काही जुने ड्रायव्हर मिश्र जाहिरात वाचून गोंधळतात आणि ‘कनेक्ट होत आहे’वर फिरत राहतात. म्हणून जुन्या लॅपटॉपसाठी सरळ डब्ल्यूपीए२ आणि एईएस. २००६ च्या मार्चनंतर वायफायचं प्रमाणपत्र मिळालेल्या प्रत्येक उपकरणाला डब्ल्यूपीए२ येणं बंधनकारक आहे, तेव्हा बहुतेक लॅपटॉप यात बसतात.

याच्याही खाली उतरू नका. डब्ल्यूईपी २००१ पासून फोडता येतं हे जगजाहीर आहे, तो पर्याय दिसला तरी निवडू नका. टीकेआयपी ही एन्क्रिप्शनची जुनी पद्धतही नको. सुरक्षेत ती कच्ची आहेच, शिवाय टीकेआयपीवर ८०२.११एनचा वेग मिळत नाही आणि कार्ड ५४ एमबीपीएसवर अडकतं. ‘नवा राउटर घेऊन वेग वाढलाच नाही’ या तक्रारीत हे कारण बऱ्याचदा सापडतं.

कंपनीच्या राउटरमध्ये या सेटिंग कुलूपबंद असतील किंवा घरातल्या बाकीच्यांसाठी डब्ल्यूपीए३ ठेवायचं असेल, तर गेस्ट नेटवर्क कामाला येतं. ते २.४ वर, डब्ल्यूपीए२ने उघडा आणि जुना लॅपटॉप त्याच्यावर ठेवा. मुख्य नेटवर्क अबाधित राहतं, आणि ज्या लॅपटॉपला आता सुरक्षा अपडेट येत नाहीत तो घरच्या इतर उपकरणांपासून वेगळाही राहतो. आमच्या मते हीच सगळ्यात चांगली मांडणी आहे. अडचण एकच: गेस्टवरून घरातला वायफाय प्रिंटर सहसा दिसत नाही.

पासवर्ड बरोबर, तरी नाही म्हणतो

आधी न्यूमलॉक पाहा. जुन्या छोट्या कीबोर्डवर अक्षरांच्या बटणांवर कोपऱ्यात निळे किंवा करडे आकडे छापलेले असतात. न्यूमलॉक चालू राहिला की ‘जे’ दाबल्यावर १, ‘के’ दाबल्यावर २, ‘एल’ दाबल्यावर ३, यू, आय, ओ दाबल्यावर ४, ५, ६ आणि एम दाबल्यावर शून्य उमटतं. पासवर्डच्या चौकटीत नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे हे कळायला मार्ग नसतो. मराठी कीबोर्ड घातलेल्या लॅपटॉपवर भाषाही बदललेली असू शकते. खाली उजवीकडे ‘एमए’ किंवा ‘मराठी’ दिसतंय का बघा आणि इंग्रजीवर या. पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये लिहून डोळ्यांनी खात्री करा, मग तिथून चौकटीत चिकटवा.

दुसरं कारण जास्त फसवं आहे. नवा राउटर लावताना सोय म्हणून जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड ठेवतात. विंडोजने त्या नावाची जुनी नोंद सांभाळून ठेवलेली असते आणि त्या नोंदीत सुरक्षेचा प्रकारही लिहिलेला असतो. प्रकार बदलला की विंडोज ७ ‘साठवलेल्या सेटिंग नेटवर्कशी जुळत नाहीत’ अशा अर्थाचा इंग्रजी निरोप देतं. विंडोज १० ‘या नेटवर्कशी जोडता येत नाही’ एवढंच म्हणून गप्प होतं. उपाय सोपा आहे: जुनी नोंद पुसा. विंडोज ७ मध्ये नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर, मग ‘मॅनेज वायरलेस नेटवर्क्स’, तिथे नाव निवडून ‘रिमूव्ह’. विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, वायफाय, ‘मॅनेज नोन नेटवर्क्स’ आणि ‘फरगेट’. मग नव्याने जोडा.

एक्सपीवाल्यांसाठी: सर्व्हिस पॅक ३ नसेल तर आधी तो घाला, डब्ल्यूपीए२ त्यात अंगभूत आहे. पण एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपलाय. टॅली किंवा एखाद्या जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर चालवण्यासाठी तो ठेवला असेल तर ठेवा, बँकेचे व्यवहार त्याच्यावर करू नका.

जोडलं जातं, पण सारखं तुटतं

चार्जर लावलेला असताना ठीक आणि बॅटरीवर आलं की तुटतं, असं होत असेल तर वीजबचतीचं सेटिंग दोषी आहे. दोन ठिकाणी बदलावं लागतं आणि लोक एकच बदलतात. पहिलं ठिकाण डिव्हाइस मॅनेजर: नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायरलेस कार्डावर डबल क्लिक करा, पॉवर मॅनेजमेंटच्या टॅबवर ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशा अर्थाची पहिली खूण काढा. दुसरं ठिकाण कंट्रोल पॅनेलमधले पॉवर ऑप्शन्स: चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग उघडून ‘वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज’मध्ये बॅटरी आणि चार्जर, दोन्हींसमोर ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’ ठेवा.

त्याच कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबवर २.४ साठीची चॅनेल विड्थ २० वर ठेवा. ‘रोमिंग अग्रेसिव्हनेस’ एका राउटरच्या घरात मधल्या पायरीवर किंवा त्याखाली असावं. ते सर्वांत वर असेल तर कार्ड चांगलं चाललेलं नेटवर्क सोडून दुसरं शोधत फिरतं. इंटेलच्या २००८ ते २०११ च्या काही एन कार्डांवर ‘८०२.११एन मोड’ बंद केल्यावर कनेक्शन ठाम होतं. वेग ५४ च्या गटात येतो, हाती २० च्या आसपास एमबीपीएस लागतात. व्हिडिओ कॉल आणि अभ्यासाचे व्हिडिओ त्यात नीट चालतात. तुटक्या १५० पेक्षा सलग २० केव्हाही बरे.

ब्लूटूथ माउस किंवा हेडफोन लावला की वेग कोसळतो? ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं आणि बऱ्याच जुन्या कार्डांत दोघांची अँटेना एकच असते. तसंच यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क २.४ च्या पट्ट्यात गोंगाट करते. ती काढून बघा, नाही तर हातभर यूएसबी केबल लावून लांब ठेवा.

रेंजचं मोजमाप ‘नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस’ या कमांडने मिळतं. विंडोजचे १०० टक्के म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप) आणि शून्य टक्के म्हणजे उणे १००. त्यामुळे ६० टक्के म्हणजे उणे ७०, इथपर्यंत काम चालतं. ४० टक्क्यांच्या खाली तुटणारच. राउटरच्या शेजारी, हातभर अंतरावर बसूनही ६०-७० टक्क्यांच्या वर जात नसेल आणि पलीकडच्या खोलीत गेल्यावर नेटवर्कच दिसेनासं होत असेल, तर ड्रायव्हर बदलत बसू नका. अँटेनाची वायर सुटलेली आहे.

झाकण उघडल्यावर

चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. एखाद्या धातूच्या नळाला किंवा खिडकीच्या गजाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. खालचं झाकण साध्या फिलिप्स स्क्रूचं असतं. काहींत वायफाय कार्ड रॅमच्या शेजारी असतं, काहींत कीबोर्डखाली.

कार्ड छोट्या पत्त्याएवढं, हिरवं किंवा निळं, एका बाजूला सोनेरी पट्ट्या आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल, पितळी, टाचणीच्या डोक्याएवढे जोड. त्यांवर काळी आणि पांढरी, काही कार्डांत तिसरी करडी, अशा बारीक वायरी टिचकीच्या बटणासारख्या दाबून बसवलेल्या असतात. त्या स्क्रीनच्या कडेपर्यंत बिजागरातून गेलेल्या असतात, म्हणून स्क्रीन हजारदा उघडमिट झालेल्या लॅपटॉपमध्ये बिजागरापाशी तुटतात. स्क्रीन एका विशिष्ट कोनात ठेवली तरच रेंज येत असेल, तर खूण पक्की.

जोड नखाने सरळ वर उचला. वायर धरून ओढू नका, टोपी निघून हातात येते. बसवताना टोपी बरोबर मधोमध ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा, हलकी ‘टक’ जाणवते. तिरकं दाबलं तर मधली पिन वाकते. या जोडांचं आयुष्य ३० वेळा काढण्या-घालण्यापुरतंच धरलेलं असतं, त्यामुळे उगाच चाळा म्हणून काढू नका.

कार्डाचा स्क्रू काढला की ते तिरकं वर उठतं. सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने हलक्या हाताने पुसा, चुरा ब्रशने झाडा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा कापूस फिरवा आणि वाळू द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यातल्या दमट हवेने या पट्ट्यांवर पुटं चढतात. ‘कधी कार्ड दिसतं, कधी नाही’ हा दोष अशा स्वच्छतेने जातो.

कार्डच सापडत नाही

खोलात जाण्याआधी लॅपटॉपच्या कडा बोटाने चाचपा. २०१२ च्या आधीच्या अनेक लॅपटॉपना पुढच्या किंवा बाजूच्या कडेला वायरलेसचं छोटं सरकतं बटण असतं, पिशवीत घालताना-काढताना ते सरकतं. बटण नसेल तर वरच्या ओळीतल्या एफ बटणांवर अँटेनाचं चित्र शोधा आणि एफएनसोबत दाबा. बायॉसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) वायरलेस लॅन बंद केलेलं असू शकतं.

मग डिव्हाइस मॅनेजर. कोड २२ म्हणजे उपकरण बंद केलंय, ‘एनेबल’ करा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच नाही. ‘नेटवर्क कंट्रोलर’ असं पिवळ्या खुणेने दिसत असेल तर प्रॉपर्टीज, डिटेल्स, ‘हार्डवेअर आयडीज’ उघडा. ‘व्हेन’ (व्ही-ई-एन) नंतरची चार अक्षरं कंपनी सांगतात: ८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १६८सी अथेरॉस, १०ईसी रिअलटेक, १८१४ रॅलिंक. त्यापुढचा ‘डेव्ह’ क्रमांक मॉडेल सांगतो. आधी लॅपटॉप कंपनीच्या साइटवर मॉडेल क्रमांकाने शोधा, मग चिपच्या कंपनीकडे. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणाऱ्या प्रोग्रॅमपासून लांब राहा, त्यांच्यासोबत नको असलेलं बरंच काही येतं. पिवळी खूणही नाही आणि कार्ड कुठेच नाही, तर वरची खोडरबरची सफाई, आणि तीही न चालल्यास कार्ड खरंच गेलंय.

जोडलंय, पण पान उघडत नाही

आयपीकॉन्फिग ही कमांड द्या. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. पत्ता जुन्याच मालिकेतला दिसत असेल तर कारण वेगळं आहे: आधीच्या केबलवाल्याने लॅपटॉपमध्ये हाताने ठरावीक आयपी पत्ता किंवा डीएनएस भरून ठेवलेला असतो. नवा राउटर १९२.१६८.२९ च्या मालिकेत आणि लॅपटॉप अजून १९२.१६८.१ मध्ये, असं झालं की दोघांची गाठ पडत नाही. अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ उघडून दोन्ही ठिकाणी ‘ऑब्टेन ऑटोमॅटिकली’ करा. ऑफिस किंवा कॉलेजचा प्रॉक्सी राहिला असेल तर इंटरनेट ऑप्शन्समध्ये लॅन सेटिंगमधली खूण काढा.

सगळं बरोबर, तरी प्रत्येक साइटवर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ येतंय? खाली उजवीकडची तारीख बघा. २००९ दिसत असेल तर तेच कारण आहे. साइटच्या प्रमाणपत्राची मुदत लॅपटॉपच्या घड्याळाशी ताडली जाते, घड्याळ मागे असलं की प्रत्येक प्रमाणपत्र खोटं ठरतं. तारीख दुरुस्त करा. रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलाय. लॅपटॉपमध्ये तो बहुधा प्लास्टिकच्या आवरणात, दोन वायरी आणि छोट्या प्लगसकट असतो, तसाच घ्या. तारीख ठीक असूनही काही साइट उघडत नसतील तर ब्राउझर जुना आहे. क्रोमची १०९ ही विंडोज ७ साठीची शेवटची आवृत्ती आहे.

नवं काही घ्यायचंच असेल

यूएसबी डोंगल हा सोपा मार्ग. खोक्यावर ‘एन१५०’ असेल तर तो फक्त २.४ चा. ‘एसी६००’ म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३ एमबीपीएस, दोन्ही बँड. जुन्या लॅपटॉपच्या यूएसबी २ ला तेवढं पुरतं. नखाएवढ्या डोंगलपेक्षा छोटी दांडी असलेला घ्या, रेंजमध्ये फरक पडतो. घेण्याआधी तुमच्या विंडोजचा ड्रायव्हर मिळतो का ते मॉडेलच नव्हे, आवृत्तीसकट तपासा. टीपीलिंकच्या डब्ल्यूएन७२२एनच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची चिप होती, पुढच्यांत रिअलटेकची. नाव तेच, आतला माल वेगळा.

आतलं कार्ड बदलायचं तर आकार बघा. साधारण २०१४ पर्यंतच्या लॅपटॉपमध्ये मिनी पीसीआय एक्सप्रेस असतं, अर्धं कार्ड ३० बाय २६.८ मिलिमीटर. त्यात इंटेलचं ७२६० चांगलं बसतं आणि दोन्ही बँड मिळतात. त्यानंतरच्यांत एम.२ असतं. एम.२ चे अँटेना जोड आणखी बारीक असतात, जुन्या वायरी त्यावर बसत नाहीत. इंटेलचं एएक्स२०० चालतं, एएक्स२०१ चालत नाही: ते प्रोसेसरच्या आत अर्धा भाग असलेल्या नव्या लॅपटॉपसाठीच आहे. एचपी आणि लेनोवोच्या अनेक जुन्या मॉडेलांत बायॉसमध्ये मान्य कार्डांची यादी असते. बाहेरचं कार्ड दिसलं की एचपी १०४ आणि थिंकपॅड १८०२ हा क्रमांक दाखवून सुरूच होत नाही. अशा लॅपटॉपना त्याच कंपनीचा पार्ट नंबर असलेलं कार्ड घ्या, नाही तर डोंगलच बरा.

विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून अनेक जण आता लिनक्स मिंटकडे वळतायत. इंटेल आणि अथेरॉसची कार्डं तिथे सहसा आपोआप चालतात. ब्रॉडकॉमचं असेल, विशेषतः बीसीएम४३१२, तर वायफाय सुरुवातीला दिसणार नाही. अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोडा, फोनवर ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, लॅपटॉपला लगेच नेट मिळतं. मग मेनूतून ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडा, ब्रॉडकॉमचा सुचवलेला ड्रायव्हर निवडा, बदल लागू करा आणि लॅपटॉप पुन्हा सुरू करून केबल काढा.